पोट कुणाचं, निकाल कुणाचा?



मागच्या तीन अंकांत आपण प्लॉटचे दावे, दंडाच्या पावत्या आणि ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून जमीन कसतो हे सिद्ध कसं करायचं, हेच छापलं. या अंकातही तेच पुढं चालवायचं ठरलं होतं. माझं हे लिखाण छापावं की नाही यावर अंक काढणाऱ्यांत वाद झाला. दोन भाऊ म्हणाले, हा घरातला विषय आहे, आधी जमीन, मग बाकीचं. एक बाई म्हणाली, पाड्यावर हे मोठ्यानं वाचायची लाज वाटंल. मी म्हटलं, ज्याला लाज वाटते त्यानं हा कागद बायांच्या हातात द्यावा. प्रत्येक पाड्यावर आता एखादी तरी शिकलेली पोरगी आहे, ती वाचून दाखवील.

विषय आहे पोट पाडण्याचा. दिवस राहिले तर ते ठेवायचे की नाही, हे कुणी ठरवायचं त्याचा.

यंदा उन्हाळ्यात घडलं ते सांगते. नाव-गाव लिहीत नाही. ओळखतील त्यांनीही बोलू नये. एका पाड्यावरची पोरगी दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जगायला गेली. वैशाखात परत आली तेव्हा तिसरा महिना होता. तो माणूस भट्टीवरचाच, दुसऱ्या गावचा, घरी बायकापोरं असलेला. पंच बसले. रात्रभर बसले. त्याच्या माणसांनी दंड भरायचा असं ठरलं, आणि दंडातला काही भाग त्याच रात्री कशात गेला ते सगळ्यांना माहीत आहे. (फॉरेस्टवाला दंड घेतो तो निदान पावती तरी देतो.) ती त्याच्या घरी नांदायला जाणार का, पोर झालं तर ते कुणाच्या नावावर लागणार, यावर पहाटेपर्यंत वाद. पोरगी कुडाच्या आत बसून सगळं ऐकत होती. तुला काय पाहिजे, असं तिला एकानंही विचारलं नाही. मी त्या रात्री तिथं होते. मीही विचारलं नाही. आपली संघटना पंचांच्या कामात पडत नाही, असं मनाशी म्हणून गप्प बसले.

पंधरा दिवसांनी तिच्या आईनं तिला एका माणसाकडं नेलं. त्यानं मुळीची काडी घातली. तीन दिवस ताप, अंगावरून रक्त. चौथ्या दिवशी झोळी करून सडकेपर्यंत आणली, तिथून जीप करून तालुक्याच्या दवाखान्यात. तिथं पहिला सवाल, नवरा कुठाय? सही लागंल. नवरा नव्हताच. बाप भाताची पेरणी टाकून दुपारी पोचला, अंगठा दिला, तेव्हा हात लावला. वाचली. पण अजून उभं राहून पाणी शेंदवत नाही तिला.

मी नंतर तिच्याजवळ बसले आणि जे वैशाखात विचारायला पाहिजे होतं ते आषाढात विचारलं. ती म्हणाली, "मला पोर नको व्हतं. पण काडी पण नको व्हती. दवाखान्यात जायचं मनात व्हतं. पण कोण नेणार? आणि कुणाला बोलणार?"

आता हिच्या उलटी गोष्ट. दुसऱ्या एका गावची विधवा बाई. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, दिवस राहिले. तिला पोर पाहिजे होतं. ज्याचं होतं तो पाट लावायला तयार होता. पण दिराला भीती, की हिनं पाट लावला तर नवऱ्याच्या वाटणीचा तुकडा हातचा जाईल, नाही लावला तर या पोराचा त्यात वाटा लागेल. दिरानं आणि सासूनं धरून नेली आणि पोट पाडून आणली. ती अजून त्या पोराचं नाव काढते. हीसुद्धा जमिनीचीच गोष्ट आहे. आधी जमीन, मग बाकीचं, असं म्हणणाऱ्या भावांनी हिचं काय ते सांगावं.

दोन्ही गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवल्या. एकीला नको होतं, एकीला हवं होतं. दोघींच्या बाबतीत निकाल दुसऱ्यांनीच दिला. म्हणून माझं म्हणणं पोट पाडा असंही नाही आणि पाडू नका असंही नाही. माझं म्हणणं एवढंच, की जिच्या पोटात आहे तिला विचारा, आणि ती म्हणेल तो निकाल.

कायदा काय आहे ते आपल्या लोकांना माहीत नाही, आणि दवाखान्यात ते कुणी सांगत नाही. म्हणून इथं सांगते. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडविधानात ३१२ कलम होतं. पोट पाडणं गुन्हा, करणाऱ्याला शिक्षा आणि करवून घेणाऱ्या बाईलाही शिक्षा. शंभराच्या वर वर्षं तेवढंच होतं. १९७१ साली नवा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू आहे. त्यात असं आहे की बाईच्या जिवाला धोका असेल, किंवा तिच्या शरीराच्या नाहीतर मनाच्या तब्येतीला मोठी इजा होणार असेल, किंवा होणाऱ्या मुलात मोठं व्यंग असण्याचा धोका असेल, तर डॉक्टर गर्भ काढू शकतो. २०२१ सालापर्यंत असं होतं, की १२ आठवड्यांपर्यंत, म्हणजे अंदाजे तीन महिन्यांच्या आत, एका डॉक्टरचं मत पुरायचं. १२ ते २० आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टर लागायचे. जागा सरकारी दवाखाना, नाहीतर सरकारनं मान्यता दिलेला खाजगी. काडीवाला, सुईण, भगत, कंपाउंडर यांना कायद्यात जागा नाही.

जबरदस्तीतून दिवस राहिले असतील तर बाईच्या मनाला मोठी इजा झाली असं कायदा धरूनच चालतो. तिनं तसं सांगितलं पाहिजे, एवढंच. आधी पोलिसात तक्रार करून ये, अशी अट या कायद्यात लिहिलेली नाही. गार्ड, ठेकेदार, मुकादम यांच्यापायी ज्या पोरी तोंड दाबून बसतात त्यांनी हे ऐकून ठेवावं.

आता सहीचं. अठरा वर्षांच्या वरच्या, शहाण्या मनाच्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. बापाची लागत नाही, सासऱ्याची लागत नाही. अठराच्या आतली असेल तर मात्र पालकाची लेखी संमती लागते. नाव गुप्त ठेवायचं हा नियम आहे. आणि जीव वाचवायला लगेच करावं लागत असेल तर आठवडे, दुसरा डॉक्टर, मान्यतेची जागा, यातलं काही आडवं येत नाही. म्हणजे आपल्या त्या पोरीला दुपारपर्यंत बाकड्यावर ठेवलं, त्याला कायद्यात काही आधार नव्हता. कागद भरणाऱ्याची सवय होती, नाहीतर भीती.

त्याच दंडविधानात अजून एक कलम होतं, ते ३१३. बाईच्या मर्जीविरुद्ध तिचं पोट पाडलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्या विधवा बाईच्या दिराला हे माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग कायदा चांगला आहे. काही प्रमाणात आहे. पण नीट वाचला तर दिसतं, की त्यानं बाईला हक्क दिलेला नाही, डॉक्टरला परवानगी दिली आहे. बाईनं मागायचं आणि डॉक्टरनं मत द्यायचं. दिवस टाळायचा उपाय फसला म्हणून पोर नको, हे कारण कायद्यात आहे, पण ते २०२१ सालापर्यंत लग्न झालेल्या बाईपुरतं लिहिलेलं होतं. बिनलग्नाच्या पोरीला मनाच्या तब्येतीच्या कलमातून वाट काढावी लागायची. एक ओळ मात्र आपल्या उपयोगाची आहे. बाईच्या तब्येतीचा विचार करताना डॉक्टर तिची आजूबाजूची परिस्थिती लक्षात घेऊ शकतो. घरात दाणा नाही, पाऊस संपल्यावर परत भट्टीवर जायचंय, अंगावर मुकादमाची उचल आहे, ही परिस्थितीच आहे. दवाखान्यात गेलात तर ती सांगा, लाजू नका.

कायदा असा अर्धा का झाला? कारण तो बायांनी मोर्चे काढून मिळवलेला नाही. शांतिलाल शाह हे आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री होते. त्यांच्या नावाची समिती १९६४ साली नेमली गेली आणि १९६६ साली तिनं अहवाल दिला. चोरून पोट पाडताना बाया मरतात हे समितीनं मांडलं आणि ते खरंच होतं. पण त्याच काळात सरकारला लोकसंख्या कमी करायची घाई झाली होती. ती घाई आपण १९७६ साली पाहिली. आणीबाणीत माणसं धरून नेऊन नसबंदी केली. तीन पोरांनंतर सक्तीनं नसबंदी करायचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते राहिलं. नाहीतर सक्तीचा तो कायदा करणारं आपलं पहिलं राज्य ठरलं असतं.

नंतर सक्ती नाही म्हणू लागले. पण १९९६ सालापर्यंत टार्गेट होतं. मार्च महिना आला की नर्सबाई, मास्तर, ग्रामसेवक सगळे 'केस' शोधत फिरायचे. चार पोरांची एक आई मला सांगत होती. दोन पोरं तिची आधीच पावसाळ्यात जुलाबांनी गेली, चार राहिली. पुन्हा दिवस राहिले म्हणून ती दवाखान्यात गेली आणि नको म्हणाली. तिला सांगितलं, टाक्याचं ऑपरेशन करून घेत असशील तर हेही करतो, नाहीतर घरी जा. निदान तांबी तरी बसव. तिला ऑपरेशनची भीती. आहेत त्यातलं अजून एखादं गेलं तर? ती घरी आली. पोर झालं. तिचा नकार सरकारला चालला नाही, कारण तो सरकारच्या हिशोबात बसत नव्हता. ऑपरेशन केलं तरच गर्भ काढू, अशी अट कायद्यात कुठं नाही.

ज्या साहेबांना आपल्या पोरांची संख्या डोळ्यात खुपते तेच साहेब सभेत सांगतात, की तुमच्या पोरांमुळं जंगल संपलं. कुपातले ट्रक भरून कुणाच्या पोरांनी नेले ते त्यांनी कधी मोजलं नाही. म्हणून आपल्यातल्या काही भावांना वाटतं, पोट पाडणं म्हणजे सरकारचं काम, आपण त्याच्या विरोधात. मला त्यांचा राग समजतो. पण सरकार एका बाजूनं ओढतं म्हणून आपण बाईला दुसऱ्या बाजूनं ओढायचं, यात बाईला काय मिळालं? जास्त पोरं म्हणजे संघटनेची ताकद, असंही एकजण म्हणाला. ताकद पाहिजे तर सभेला बाया बोलवा, पोटातल्या पोरांची मोजणी नको.

मागच्या शिबिरात याच विषयावर एक भाऊ उठून म्हणाला, "बी ज्याचं, पीक त्याचं. पोर बापाचं, तर बापाला इचारल्याबिगर कसं पाडणार?" पुष्कळ पुरुष हसले, काही बायाही हसल्या. मला हसू आलं नाही, कारण हे मी आधी ऐकलंय. सावकार हेच म्हणायचा. बी माझं, बैल माझे, खावटी माझी, म्हणून पीक माझं. त्याला आपण काय उत्तर दिलं? कसेल त्याची जमीन. मग नऊ महिने कोण वागवतं, बाळंतपणात कोण मरतं, पाठीला बांधून आवणी कोण करतं? आपल्याच घोषणेनं हिशोब केला तरी तो भाऊ हरतो. पण मला हे पुढं ताणायचं नाही. बाई म्हणजे जमीन नव्हे. जमिनीला विचारता येत नाही, बाईला येतं. विचारतच नाहीत, हीच तर तक्रार आहे.

आपल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढलं की माणूस लग्नगडी व्हायचा, जन्मभर सावकाराच्या बांधावर. आणि लग्नगड्याच्या बायकोवरही सावकार आपला हक्क समजायचा. १९४५ साली झरीच्या सभेपासून आपल्या लोकांनी वेठ बंद केली, ती फक्त कामाची वेठ नव्हती, बायांच्या अंगावरची वेठही होती. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हा घरातला विषय आहे.

आणि बिनलग्नाच्या पोरीची ही लाज तरी आपली कुठली? आपल्यात जोडपं आधी एकत्र राहायला लागतं, पैसा जमला की लग्न लागतं, कधी कधी कडेवर पोर घेऊन लागतं. धवलेरी लग्न लावते, ती बाईच असते. विधवेला पाट आहे, न पटलं तर काडीमोड आहे. वरच्या जातीत हे नव्हतं, म्हणून तिकडं कोवळ्या विधवा अडकायच्या. पोट पाडताना मरायच्या, नाहीतर जन्मलेलं पोर मारायच्या. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात त्यांच्यासाठी घर उघडलं. कुणीही यावं, बाळंत व्हावं, पाहिजे तर मूल ठेवून जावं, नाव विचारलं जाणार नाही. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्या काळी जी अब्रूची कल्पना जोतिबा तिकडं मोडत होते, ती आता आपल्या पाड्यावर चढून आली आहे. शाळेतून आली, सिनेमातून आली, तालुक्याच्या बाजारातून आली. कुठूनही येवो, तिची काडी आपल्या पोरीला लागली.

आता सगळ्यात अवघड बोलते. पोटात जीव असतो की नाही? मी नाही असं म्हणणार नाही. ज्या बाईनं हालचाल अनुभवली तिला कुणी शिकवायला नको. आमच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या सुईण आजीला मी विचारलं, तिच्या हातून पाड्यातली निम्मी माणसं जन्मली असतील. ती म्हणाली, "जीव हाय. म्हणून तर बाई मजेनं येत नाय. रडत येते." मग म्हणाली, "आधीचं तान्हं छातीला, आणि घरात नागली संपलेली. आता कुनाला जगवायचं ते तिला कळतं. तुला-मला नाय कळत." मला यापेक्षा जास्त सांगता येत नाही. गर्भाचं वजन आहे. ते तोलावं लागतं. पण तोलणारा हात बाईचा असावा, कारण त्या दिवशी आणि पुढं वीस वर्षं ते वजन तिच्याच अंगावर असतं. बाप चांगला असेल तर त्याचं ती ऐकेलच. संसार असतो दोघांचा. ऐकणं वेगळं आणि सही लागणं वेगळं.

शहरातून आलेल्या एका कार्यकर्तीला मी एक कोडं घातलं होतं. तिकडं गर्भजल तपासून मुलगी असेल तर पाडतात. बाईचा निकाल म्हणायचं तर हाही मानायचा का? ती थोडी अडखळली, मलाही नीट उत्तर नव्हतं. आता असं वाटतं. १९८८ साली मुंबईतल्या संघटनांनी लढून महाराष्ट्रात कायदा करून घेतला. त्यानं मुलगा-मुलगी बघायच्या तपासणीवर बंदी आली, पोट पाडण्यावर नाही. हे मला बरोबर वाटतं. मशीन आणि पैसेवाला डॉक्टर यांना अडवायचं, बाईला नाही. कारण तीन मुली झाल्या म्हणून जिला घराबाहेर काढतात, तिनं नको म्हटलं तर तो तिचा निकाल असतो का? आपल्यात अजून देज द्यावं लागतं, म्हणून मुलगी जड झालेली नाही. पण नोकरी लागलेले आपले काही मास्तर आणि तलाठी हुंडा घ्यायला लागलेत. ते थांबवलं नाही तर तपासणीही मागनं येईल.

गप्प बसण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी पोरीवर पोलिसांनी जबरदस्ती केली. सुप्रीम कोर्टानं १९७८ साली त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे राजी होती, असा त्याचा अर्थ. त्यावर देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. आपणही निषेधाचा ठराव केला होता. मग आपल्या पंचांसमोर कुडाआड गप्प बसलेली पोरगी राजी होती, असं आपण कसं धरलं?

माझी मागणी मोठी नाही. पंच बसतील तेव्हा त्या बाईला आधी वेगळं विचारायचं, आणि विचारायला बाई पाहिजे. तिची कोंडी करून भर सभेत विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. दर पाड्यावरच्या दोन बायांनी दवाखान्यात सोबत जायची तयारी ठेवायची, कारण सोबत कुणी असलं की नवऱ्याच्या सहीची मागणी पुष्कळदा आपोआप गळते, हे मी दोनदा पाहिलंय. तीन महिन्यांच्या आत जायचं, उशीर करायचा नाही. आणि तहसीलदाराला द्यायच्या पुढच्या निवेदनात प्लॉटच्या मागण्यांबरोबर हेही घालायचं, की आपल्या आरोग्य केंद्रात हे काम शिकलेला डॉक्टर द्या, आणि ऑपरेशनची अट घालणाऱ्यावर कारवाई करा. भाऊ म्हणतील, निवेदन लांबेल. लांबू द्या. एक कागद जास्त लागेल.

पुढच्या महिन्याच्या सभेत हा विषय पहिला घ्यावा, प्लॉटच्या आधी. दर वेळी बायांचा विषय शेवटी ठेवतात, आणि तो येईपर्यंत बाया चूल पेटवायला निघून गेलेल्या असतात.